जाळीत अडकलेलं घुबड शृंगी की मत्स्य? दिंडोरी तालुक्यातल्या एका शेततळ्यावरचं प्रकरण

जाळीत अडकलेलं घुबड बाहेर कसं काढायचं हे आता नाशिककडे बऱ्याच पोरांना जमतं, पण बाहेर काढल्यावर त्याला खायला काय द्यायचं, कुठे ठेवायचं, कुठे सोडायचं, हे सगळं ते घुबड कोणतं आहे यावर ठरतं आणि नेमकी तिथेच घाई होते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय. गाव, शेतकरी, डॉक्टर, वनविभागाचे कर्मचारी कुणाचंच नाव दिलेलं नाही. शेतकऱ्याला अण्णा म्हणू आणि ज्याने पहिला फोन केला तो त्यांचा भाचा. ठिकाणही तालुक्यापुरतंच सांगतोय, त्याचं कारण पुढे येईलच.

पार्श्वभूमी

दिंडोरी म्हणजे द्राक्षाचा पट्टा. कादवा नदी, करंजवण, वाघाड, पालखेड ही धरणं, कालवे, आणि गेल्या काही वर्षांत त्यात शेततळ्यांची भर पडली. उन्हाळ्यात बागेला पाणी कमी पडतं म्हणून शेततळं करायचं, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, पाणी भरायचं, आणि पाणी आहेच तर त्यात रोहू-कटला सोडायचे. मासे आले की बगळे, पाणकावळे, खंड्या येणारच, मग वरून जाळी टाकायची. अण्णांच्या तळ्यावरची जाळी तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक धाग्याची होती, पातळ, लांबून दिसतच नाही अशी. टाकली तेव्हा ताणलेली असणार, पण पावसाळ्यातल्या वाऱ्याने सैल पडून एका कोपऱ्यात तिचा झोळ पार पाण्याला टेकलेला.

जागेची रचना नीट लक्षात घ्या कारण पुढचं अर्धं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. तळ्याच्या खालच्या अंगाला नाला आहे, काठाला उंबर, जांभूळ, अर्जुनसादड्याची जुनी झाडं, पावसाळा संपल्यावरही बरेच महिने त्यात पाणी राहतं आणि दगडाखाली खेकडे. वरच्या अंगाला द्राक्षबाग, तिच्या पलीकडे मुरमाची टेकडी आणि टेकडीला बंद पडलेली दगडाची खाण. म्हणजे एकाच मळ्यावर उभं राहिलं की एका हाताला पाणी-झाडी आणि दुसऱ्या हाताला उघडा कडा. आपल्याकडची दोन मोठी शिंगवाली घुबडं हीच दोन ठिकाणं धरून राहतात.

दिवस ऑक्टोबर छाटणीचे, दिवाळी तोंडावर आलेली.

सकाळी काय झालं

छाटणीला येणाऱ्या बायका उजाडायच्या आत मळ्यात येतात. त्यातल्या एकीला जाळीच्या त्या झोळात काहीतरी मोठं फडफडताना दिसलं. आधी तिला वाटलं कोंबडी पडली, मग त्याने मान वळवून बघितलं आणि तिने हाक मारली. पाच-दहा मिनिटांत गर्दी. कुणी म्हणालं अमावस्या जवळ आलीय आणि हे वस्तीवर आलं म्हणजे काही खरं नाही, कुणी म्हणालं काठीने ढकला. त्यावर गर्दीतली एक म्हातारी मावशी जोरात म्हणाली, "दगड-काठी काही मारू नका रे, घुबडाला दगड मारला तर ते तो नदीवर नेऊन झिजवतं, दगड झिजतो तसा माणूस झिजतो." ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. मला त्या मावशींचे आभारच मानावेसे वाटतात, कारण त्या क्षणी कुठल्याही कायद्यापेक्षा त्यांच्या बोलण्याने लोक दोन पावलं मागे सरले.

मग दुसरीच गोष्ट झाली. गर्दीतल्या एकाने बाजूला जाऊन फोन केला आणि परत येऊन अण्णांना म्हणाला, एक जण घ्यायला तयार आहे, पैसे चांगले देईल. दिवाळीच्या अमावस्येला तांत्रिक पूजेसाठी घुबडं विकत घेणारे लोक आहेत ही काही ऐकीव गोष्ट नाही. ट्रॅफिक या वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये भारतातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवाल काढला होता, त्यातही दिवाळीच्या सुमाराला मागणी वाढते असं आहे, आणि शिंगवाल्या मोठ्या घुबडांवर या लोकांचा जास्त डोळा असतो. अण्णांनी त्याला एकच सांगितलं, "माझ्या मळ्यात आलंय, ते विकायचं नाही," आणि भाच्याला म्हणाले कुणाला तरी विचार काय करायचं ते.

भाच्याने फोटो काढला आणि आमच्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

अडचण कुठे होती

फोटोत फक्त डोकं होतं. दोन शिंगं, पिवळट-केशरी दिसणारे मोठे डोळे, ओली पिसं आणि तोंडाभोवती गुंडाळलेलं तंगूस. लगेच उत्तरं आली, शृंगी घुबड. एकाने तर पुढचा सगळा प्लॅनच टाकला: बाहेर काढा, पाणी पाजा, चिकनचे तुकडे द्या आणि संध्याकाळी जवळच्या खाणीत सोडून द्या, शृंगी खाणीतच राहतं.

ही चूक कुणाच्या आळसातून झाली असं मला वाटत नाही. नाशिकच्या आसपास टेकड्या, बंद खाणी, ओढ्यांच्या दरडी भरपूर, त्यामुळे शिंगवालं मोठं घुबड म्हटलं की लोकांनी बहुतेक वेळा शृंगीच पाहिलेलं असतं. मत्स्य घुबड दिवसा दाट झाडीत बसतं, संध्याकाळी पाण्यावर उतरतं, त्याचे फोटो त्यामानाने कमी. त्यात दोघांची उंची जवळपास सारखी, पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर. त्यामुळे फोटो बघून डोक्यात पहिलं नाव शृंगीच येणार.

पण त्या फोटोत एक प्रश्न तसाच पडून होता. घुबड माशांच्या तळ्यावर, जाळीच्या पाण्याला टेकलेल्या कोपऱ्यातच का अडकलं? शृंगी तिथे येऊच शकत नाही असं नाही, द्राक्षबागेत उंदीर-घुशी असतात आणि तळ्याच्या बांधावर त्यांची बिळंही असतात. तरी हा प्रश्न विचारायला हवा होता आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत प्लॅन ठरवायला नको होता.

दोघांत फरक काय

दोघं नात्यातलीच. शृंगी म्हणजे बुबो बेंगालेन्सिस, मत्स्य घुबड म्हणजे केटुपा झेलोनेन्सिस. या दुसऱ्यालाही बरीच वर्षं काही शास्त्रज्ञ बुबो याच वंशात धरायचे, इतकी ती जवळची. म्हणून चेहऱ्यावरून ओळखायला गेलं की फसायला होतं.

सगळ्यात खात्रीचं काय तर पाय. शृंगीच्या पायाला बोटांपर्यंत पिसं असतात, लोकरीचे मोजे घातल्यासारखी. मत्स्य घुबडाचा पाय खालच्या भागात उघडा, पिवळट-राखाडी कातडीचा. रोज पाय पाण्यात घालायचा तर पिसं भिजून जड होतील, म्हणून ती तिथे नाहीतच. आणि त्याच्या बोटांच्या खालच्या बाजूला बारीक काट्यांसारखे टोकदार खवले असतात, निसटता मासा धरायला. जाड हातमोज्यातून काही कळत नाही, पण बोट उलटं करून टॉर्च मारला की ते खवले स्पष्ट दिसतात.

दुसरी खूण पंखाची कड. शृंगीच्या पंखातल्या बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला बारीक दाते असतात आणि पिसाचा पृष्ठभागही मखमली, त्यामुळे ते अंगावरून उडत गेलं तरी आवाज येत नाही, उंदराला कळायच्या आत पंजा पडतो. मत्स्य घुबडाला याची गरजच नाही, पाण्यातल्या माशाला वरच्या पंखांचा आवाज कुठे जाणार, म्हणून त्याच्या पिसाची कड साधी असते आणि ते उडताना पंख ऐकू येतात. नाल्यावर संध्याकाळी शांत उभं राहिलं तर हा फरक कानाने कळतो, आणि मला तरी दोघांमधला सगळ्यात सुंदर फरक हाच वाटतो, कारण एकाचं अख्खं अंग कानवाल्या शिकारीसाठी घडलंय आणि दुसऱ्याचं पाण्यासाठी.

चेहऱ्यात बघायचं तर शृंगीच्या चेहऱ्याच्या तबकडीला, म्हणजे डोळ्यांभोवतीच्या पिसांच्या गोलाला, काळी ठळक कड असते, मत्स्य घुबडाची तबकडी पुसट. शृंगीचे डोळे जास्त करून केशरी, मत्स्य घुबडाचे सोनेरी पिवळे, पण मोबाईलच्या फ्लॅशमध्ये यावर विसंबू नये. शिंगं शृंगीची काळपट आणि उभी, मत्स्य घुबडाची जरा बाहेर पडलेली, विस्कटलेली, पण घाबरलेलं किंवा भिजलेलं घुबड शिंगं कशीही करतं, ती ओळखीसाठी शेवटी बघायची. छातीवर शृंगीला वर जाड काळे फराटे आणि खाली पोटावर बारीक आडवी नक्षी, तर मत्स्य घुबडाला बदामी रंगावर लांब बारीक उभ्या काळ्या रेघा.

खाणं आणि घर यातला फरक तर सरळ आहे. शृंगी मुख्यतः उंदीर-घुशी खातं, म्हणून शेतकऱ्याच्या फायद्याचं, आणि अंडी कड्याच्या कपारीत किंवा चक्क जमिनीवर दरडीच्या आडोशाला घालतं. मत्स्य घुबड मासे, बेडूक, खेकडे खातं, कधीमधी उंदीर आणि पक्षीही, आणि पाण्याजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत, फांद्यांच्या बेचक्यात, दुसऱ्या मोठ्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यात किंवा काठच्या कपारीत एक-दोन अंडी घालतं. दोघांचाही विणीचा हंगाम दिवाळीनंतरच्या थंडीत सुरू होतो. म्हणजे ऑक्टोबरअखेर अडकलेलं घुबड हे बहुतेक जोडीतलं, हद्द धरून बसलेलं असणार, हेही निर्णय घेताना डोक्यात ठेवावं लागतं.

फोनवर काय ठरलं

मी भाच्याला फोन केला तेव्हा त्याला पहिलं सांगितलं की घुबडाला हात लावू नको, माणसं लांब कर, बांबूला गोणपाट लावून त्याच्या डोक्यावर सावली धर, आणि पाण्यात बुडत नाहीये ना तेवढं बघत राहा. पाणी पाजू नको, चोचीत ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि वाचलेला पक्षी त्याने मरतो. दुसरं, वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन लाव, कारण घुबड वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, ते घरी ठेवणं, स्वतःच उपचार करत बसणं आपल्या अधिकारात येत नाही. आणि तिसरं, पायांचा फोटो पाठव.

पायांचा फोटो यायला वेळ लागला, कारण पाय पाण्यात होते. आला तेव्हा त्यात तंगुसाच्या गुंत्यातून उघडी पिवळट नडगी दिसत होती. तिथेच कळलं की हे मत्स्य घुबड आहे. तरी खात्री हातात आल्यावरच करायची असं ठरलं.

आम्ही आणि वनविभागाचे दोन कर्मचारी जवळपास एकाच वेळी पोचलो. काढायचं काम सावकाश करावं लागतं. आधी जाड टॉवेल टाकून डोकं झाकलं, मग दोन्ही पाय एका हातात पक्के धरले कारण धोका चोचीपेक्षा नखांचा, आणि जाळी ओढून न सोडवता तिचा तेवढा तुकडा कापून घुबड जाळीसकट बाहेर घेतलं. तंगूस कापायला नखं कापायची छोटी बोथट टोकाची कात्री सगळ्यात बरी पडते. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये जी ताणली जाणारी कातडी असते तिथे तंगूस रुतून रेघ पडली होती, रक्त थोडंसंच. हाडं शाबूत. मोठी पिसंही जवळपास सगळी शाबूत, एवढी फडफड करून. बोटांखालचे खवले, पंखाची साधी कड, सगळं बघून घेतलं. मत्स्य घुबडच.

पर्याय

आता तीन रस्ते होते आणि तिन्हींच्या बाजूने बोलणारं कुणी ना कुणी तिथे हजर होतं.

पहिला, लगेच सोडून देणं. अण्णांचं हेच म्हणणं होतं, "चांगलं बघतंय, पंख हलवतंय, सोडा ना." वरवर बघता बरोबर. पण जाळीच्या जखमेचा कावा असा की तंगुसाने आवळलेल्या जागी रक्त थांबलेलं असतं आणि कातडी काळी पडणं, सूज येणं हे पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतं. पंखाची ती कातडी गेली तर पक्षी कायमचा उडायचा थांबतो. शिवाय तो रात्रभर भिजलेला, दमलेला.

दुसरा, मळ्यावरच खोक्यात ठेवून संध्याकाळी सोडणं. प्रवासाचा ताण वाचतो. पण वस्तीवर ठेवायचं तर दिवसभर बघायला येणारे लोक, आणि सकाळी फोनवर पैसे द्यायला तयार झालेला तो माणूस विसरून चालणार नव्हतं. त्याला घुबड कुठे आहे ते माहीत होतं.

तिसरा, वनविभागाच्या ताब्यात देऊन नाशिकला उपचार. त्यात प्रवास, पिंजरा, अनोळखी जागा, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्याला पिंजऱ्यात खायला घालायची अडचण.

कर्मचारी तिसऱ्या बाजूने होते, मीही. जखम पंखाच्या सांध्याजवळ नसती तर मी दुसरा रस्ता धरला असता, फक्त वस्तीऐवजी दुसरीकडे ठेवून. पण त्या जागेची जखम डॉक्टरने बघायलाच हवी, यात तडजोड नाही. हवेला भोकं पाडलेलं मोठं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला जुनं गोणपाट, आत अंधार, गाडीत गाणी बंद, बोलणं बंद. पिंजऱ्यात नेलं असतं तर तारेवर आपटून मोठी पिसं तुटली असती, आणि पिसं तुटली की पुन्हा नवी येईपर्यंत पक्ष्याला सोडता येत नाही.

उपचार आणि खाणं

डॉक्टरांनी जखम धुतली, कातडीखाली सलाईन दिलं, पंख बांधला नाही, फक्त लक्ष ठेवायचं ठरवलं. सूज आली पण कातडी काळी पडली नाही.

खाण्याचं काय झालं ते सांगतो कारण ओळख चुकली असती तर इथेच नुकसान होणार होतं. पहिल्या रात्री घुबडापुढे कोंबडीचे तुकडे ठेवले गेले, नेहमीच्या सवयीप्रमाणे, त्याने बघितलंही नाही. मत्स्य घुबडाला मांस चालतच नाही असं मुळीच नाही, पण घाबरलेला पक्षी ओळखीचं तेच खातो. मग अण्णांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर तळ्यातले बोटाएवढे जिवंत मासे एका डब्यात पाठवले. उथळ पाटीत पाणी घालून ते मासे सोडले, शेजारी बसायला एक ओंडका ठेवला, दिवे बंद करून सगळे बाहेर. सकाळी पाटीत एकही मासा नव्हता, जमिनीवर खवले पडलेले आणि ओंडका ओला. नंतर त्याने ओकून टाकलेल्या न पचलेल्या अवशेषांच्या गोळीतही खवले आणि काटे निघाले. मासे ताजे देता आले हे फार बरं झालं, कारण बराच काळ फ्रीजमधले गोठवलेले मासेच खायला घातले तर मासेखाऊ पक्ष्यांना जीवनसत्त्व बी-१ कमी पडतं.

कुठे सोडायचं, कधी सोडायचं

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय माझ्या मते हाच.

ग्रुपवरचा खाणीचा सल्ला अजून घोळत होता, अगदी जबाबदार माणसंही म्हणत होती की खाण जवळच आहे, शांत आहे, काय फरक पडतो. म्हणून मी आणि भाचा खाण बघून आलो. कड्याच्या एका कपारीखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि खाली गोळ्यांचा सडा. एक गोळी हातात घेऊन मोडली तर राखाडी केस आणि त्यात उंदराचा जबडा, पुढच्या दोन पिवळ्या दातांसकट. खवले नाहीत, खेकड्याची कवचं नाहीत. खाणीत शृंगी राहतं, हे तिथेच नक्की झालं. विणीच्या तोंडावर शृंगीच्या हद्दीत, नुकतंच आजारातून उठलेलं दुसरं मोठं घुबड सोडणं म्हणजे त्याला मार खायला पाठवणं, वर तिथे पाणी नाही.

मग नाल्यात उतरलो. एका अर्जुनसादड्याखाली दगडावर खेकड्याच्या नांग्या आणि पाठीची कवचं पडलेली, काही ताजी. जागा हीच.

अण्णांना दोन्हीकडचं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे दोन आहेत होय? मला वाटायचं एकच घुबड दोन आवाज काढतं. टेकडीवरून एक असं लांब, बूऽ बोऽऽ करतं, दुसरा सूर ओढलेला. आणि नाल्यातून येतं ते पोकळ हू-हू, घुमल्यासारखं." पुस्तकात या दोघांच्या आवाजाचं वर्णन याहून नेमकं मी वाचलेलं नाही. हा माणूस कित्येक वर्षं रात्री पाणी धरायला उठतोय, त्याला दोघांचं घर माहीत होतं, फक्त ते दोघं आहेत हे माहीत नव्हतं. पहिल्या सकाळी ओळखीवरून एवढी चर्चा झाली, तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नाही.

कधी सोडायचं यावर खरा वाद झाला. घुबड बरं झालं तेव्हा लक्ष्मीपूजन अगदी जवळ आलेलं. कर्मचाऱ्यांचं म्हणणं, अमावस्या आणि फटाके जाऊ द्या, मग सोडू, घेणारे लोक याच दिवसांत फिरतात. त्यांची काळजी रास्त होती. डॉक्टरांचं म्हणणं, पंख चालतोय, आता ठेवलेला प्रत्येक दिवस पिसांना आणि पायाच्या तळव्यांना वाईट, आणि जोडीदार असेल तर हंगाम सुरू होतोय. मी डॉक्टरांच्या बाजूने होतो. मळा गावापासून लांब, नाला त्याहून खाली, फटाक्यांचा त्रास तिथे तेवढा नाही. चोरीची भीती खरी होती पण तिचा इलाज पक्षी कोंडून ठेवणं नव्हे, जागा गुप्त ठेवणं आणि गस्त घालणं हा होता. शेवटी तसंच ठरलं. त्या सकाळच्या माणसाने ज्या नंबरवर फोन केला होता तो अण्णांनी त्याच्याकडून काढून वनविभागाला दिला, त्या भागात रात्रीची गस्त लागली, आणि ग्रुपवर फक्त एवढंच कळवलं की पक्षी बरा आहे. कुठे, कधी, काही नाही.

सोडताना गाजावाजा केला नाही. दिवस मावळल्यावर खोकं नाल्याच्या काठी ठेवून झाकण उघडलं आणि लांब गेलो. घुबड बराच वेळ आतच बसलं, मग कडेवर आलं, आणि उडालं तेव्हा पंखांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. उड्डाण दोन्ही बाजूंना सारखं होतं, डावा पंख कमी पडत नव्हता, आम्हाला तेच बघायचं होतं.

जाळीचं काय केलं

घुबड सोडलं पण जाळी तिथेच राहिली असती तर या सगळ्याला काही अर्थ नव्हता. जाळी काढून टाका असं अण्णांना सांगणं सोपं आहे, पण मासे हे त्यांचं उत्पन्न आहे आणि ज्याने घुबडासाठी पैसे नाकारले त्याला आणखी तोटा सोसायला सांगणं मला पटत नव्हतं. बोलून असं ठरलं की तंगुसाची जाळी जाऊन जाड दोऱ्याची, बारीक डोळ्यांची, पांढरी जाळी येईल, जी रात्रीही दिसते आणि जिच्या डोळ्यात पंख किंवा पाय शिरत नाही. तिला मधून तारांचा आधार द्यायचा, म्हणजे झोळ पडणार नाही, आणि कड पाण्यापासून वर राहील. प्लास्टिकच्या उतारावर चारही बाजूंना काथ्याचे जाड दोर आणि गोणपाटाच्या पट्ट्या सोडल्या, कारण या गुळगुळीत उतारावरून मुंगूस, साप, कधी कुत्र्याचं पिल्लू आत पडलं की बाहेर येऊ शकत नाही.

आणि एक गोष्ट अण्णांनी स्वतःहून केली. तळ्याचा जास्तीचा पाण्याचा पाट जिथे नाल्याला मिळतो तिथे एक छोटं उथळ डबकं मोकळं ठेवलं, बारीक मासे त्यात सोडले आणि काठाला एक वाकडा खांब रोवला. मत्स्य घुबड पाण्याजवळच्या ठेंगण्या जागी बसून खाली झेप घेतं, कधी उथळ पाण्यात उतरून चालतही, हे आमच्याकडून ऐकून त्यांनी ते केलं.

निकाल

थंडीत नाल्यातून दोन पक्षी एकमेकांना साद घालताना अण्णांनी अनेकदा ऐकले. सोडताना पायात ओळखीची कडी घातलेली नव्हती, त्यामुळे त्यातला एक हाच, असा दावा करत नाही. डबक्याच्या खांबाखाली मात्र खेकड्याच्या कवचांबरोबर माशांचे खवले पडू लागले. टेकडीवरचं शृंगी आपल्या जागी आहे. नव्या जाळीत त्यानंतर काही अडकलं नाही. घुबड विकत घेऊ पाहणाऱ्या त्या माणसाकडून पुन्हा काही विचारणा आली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पायांचा फोटो पहिल्याच मिनिटाला मागायला हवा, नाव सुचवायच्या आधी. मोठं शिंगवालं घुबड असेल तर चेहरा, पाय, पसरलेल्या पंखाची बाहेरची कड आणि आजूबाजूची जागा, हे चार फोटो आल्याशिवाय ग्रुपवर कुणी प्लॅन लिहू नये. पक्षी पाण्यात असेल आणि पाय दिसत नसतील तर निदान जागा विचारावी, तळं आहे का, नाला किती लांब, खाण आहे का.

मूळ फोटोसोबत गावाचं नाव गेलं होतं. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तर हे अजिबात होऊ नये. ग्रुपमध्ये शेकडो लोक असतात, सगळे आपले ओळखीचे नसतात, आणि एकदा गेलेला मेसेज पुढे कुठे जातो यावर कुणाचा ताबा नाही. फोटो एका ठरलेल्या माणसाला खासगीत पाठवायचा, त्याने वनविभागाला कळवायचं, हा रस्ता आता आमच्याकडे ठरलाय.

पहिल्या रात्रीचं खाणं वाया गेलं कारण ओळख पटलेली असूनही ती पक्ष्याबरोबर पोचली नाही, तोंडी सांगितलेलं मधेच राहिलं. खोक्यावरच कागद चिकटवायला हवा होता: मत्स्य घुबड, जिवंत छोटे मासे, अमुक जागी जखम, अमुक वेळेला सापडलं. आता तो चिकटवतो.

आणि मळ्यावरच्या माणसाला विचारणं. रात्री कोणते आवाज येतात, कुठून येतात, नाल्यावर काय बसतं, हे अण्णांना पहिल्या फोनवर विचारलं असतं तर खाणीचा विषय तेव्हाच मिटला असता.

शेजारच्या दोन मळ्यांवरच्या तळ्यांना अजून तंगुसाचीच जाळी आहे. दोघांनी अण्णांची जाळी येऊन बघितली, हाताने ताणून बघितली, आणि दोघांचा प्रश्न एकच, महाग पडते. पडते खरी. पण ती जास्त टिकते, आणि तिघांनी मिळून एकदम घेतली तर व्यापारी भाव कमी करायला तयार आहे, गहू-हरभऱ्याची पेरणी आटोपली की बोलू म्हणालेत.